वरचं पाणी

सासूबाईंनी वाटी अलगद तिरपी केली आणि वरचं पाणी दुसऱ्या वाटीत उतरू लागलं, तेव्हा शामला ओट्याशी उभी राहून बोटांना चिकटलेली कणीक नखानं काढत होती. तिचं लक्ष नव्हतं. रविवारची सकाळ असूनही तिच्या डोक्यात कॉलेजच चालू होतं. तिच्या नऊ महिन्यांच्या पोरीला दात येत होते, दूध पचत नव्हतं, आणि सासूबाईंच्या, म्हणजे जिजाबाईंच्या, घरगुती वैद्यकात लहान लेकरांच्या निम्म्या दुखण्यांवर एकच उतारा होता, चुन्याची निवळी. खायचा चुना पाण्यात कालवायचा, रात्रभर न हलवता ठेवायचा, आणि सकाळी वर जे स्वच्छ पाणी उरेल तेवढंच चमचाभर दुधातून पाजायचं. शामलानं मदत म्हणून चमचा उचलला आणि सरळ वाटीत घातला. बारा वर्षं प्रयोगशाळेत काढलेली बाई ती. तळाशी काही बसलेलं दिसलं की आधी ढवळायचं, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. जिजाबाईंनी तिचं मनगट धरलं. “हालवू नको वं,” त्या म्हणाल्या, “मी वरचंच काढून राहिली. गाळ पोटात गेला तं पोरगी दिवसभर रडन.” शामलाचा हात वाटीवर तसाच राहिला. मग तिनं चमचा खाली ठेवला, मोरीपाशी जाऊन विनाकारण हात धुतले, परत आली आणि विचारलं की वरच्या पाण्यात चुना असतो तरी का. जिजाबाईंनी आपल्या एम.एस्सी. झालेल्या सुनेकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर त्या एरवी फक्त दूधवाल्यासाठी राखून ठेवत. असतो तर, नाहीतर पोरीला नुसतं नळाचं पाणी पाजलं असतं, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. शामलाला ते नीट ऐकू गेलं नाही. तिला प्रयोगशाळेतल्या देवाजीचे हात दिसत होते, भस्माची बाटली धरलेले, आणि त्या हातांनी त्या बाटलीचं नेमकं काय केलं होतं हे आपण कधीच पाहिलेलं नाही, एवढंच तिला पहिल्यांदा कळत होतं.

काल, शनिवारी दुपारी, तिनं एका पत्रावर सही केली होती. पत्र मुंबईच्या एका संशोधन पत्रिकेच्या संपादकांना होतं, इंग्रजीत होतं आणि जेमतेम अकरा ओळींचं होतं. चार वर्षांपूर्वी, पंचाहत्तर साली, त्याच पत्रिकेत विभागप्रमुख मधुकरराव आणि शामला भोयर या दोघांच्या नावानं एक लेख छापून आला होता. जस्ताच्या भस्माचे अतिशय बारीक कण उंदराच्या कर्करोगाच्या पेशी मारतात आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लावत नाहीत, असं त्या लेखात आकड्यांनिशी लिहिलेलं होतं. दोन वर्षांनी मुंबईच्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं तोच प्रयोग करून पाहिला आणि त्यांच्या पेशी काही मेल्या नाहीत. त्यांनी सभ्यपणे विचारणा केली. शामलानं प्रयोग पुन्हा मांडला. एकदा नाही, दोनदा नाही, अकरा वेळा मांडला, आणि अकराही वेळा पेशी सुखरूप. लेख मागं घेणं भाग होतं, आणि मागं घ्यायचा तर कारण द्यावं लागतं. ते कारण मधुकररावांनी शोधून काढलं. ‘भस्माचं मिश्रण प्रयोगशाळेतले अटेंडंट श्री. देवाजी मेश्राम, आता निवृत्त, तयार करीत असत. त्यांनी लेखी पद्धत पाळली नाही.’ शामलानं विचारलं होतं की याला पुरावा काय. मधुकररावांनी चष्मा काढून पुसला आणि बापाच्या मायेनं समजावलं की आता होत नाही हाच पुरावा, आणि निवृत्त माणसाची पेन्शन काही कुणी अडवत नाही, आणि देवाजी काय संशोधन पत्रिका वाचतो का. शिवाय तिची पीएच.डी. अजून दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली व्हायची होती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, कारण ते दोघांनाही पाठ होतं. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचंच आहे, तर समोर नसलेल्या माणसाच्या डोक्यावर फोडावं, त्याचा आवाज होत नाही. तिनं सही केली, चपराशानं पाकीट डकवलं आणि चारच्या टपालानं ते गेलं. सही करताना आपल्याला वाईट वाटलं नाही, उलट एक ओझं उतरल्यासारखं वाटलं, याचं तिला घरी आल्यावर वाईट वाटायला लागलं होतं. आणि आता ही वाटी. देवाजीनं जर वरचंच पाणी घेतलं असेल, तर काल तिनं खोटं म्हणून ज्या वाक्याखाली सही केली ते वाक्य अक्षरशः खरं होतं. धड खोटंही बोलता आलं नाही आपल्याला, असं तिला वाटलं, आणि तिला स्वतःचा विलक्षण राग आला.

भस्म नागपूरच्या इतवारीतल्या भैय्याजी वैद्यांकडचं होतं. भांड्यांच्या बाजारामागच्या बोळात त्यांचं दुकान. हातगाड्यांच्या गर्दीतून अंग चोरत जावं लागे. जस्त वितळवून, कोरफडीच्या रसात दिवसेंदिवस खलून, गोवऱ्यांच्या आगीत पुन्हा पुन्हा भाजून ते भस्म करत, आणि देताना त्यातली चिमूट वाटीतल्या पाण्यावर टाकून दाखवत. तरंगलं तर औषध, बुडलं तर नुसती राख. शामलाला तेव्हा ते सगळं गमतीचं वाटलं होतं. तिनं आपली पद्धत लिहून काढली, शास्त्रशुद्ध. एक ग्रॅम भस्म, शंभर मिलिलिटर मिठाचं पाणी, बाटली चांगली हलवून लगेच वापरावी. ‘चांगली हलवून’ या शब्दांखाली तिनं लाल पेन्सिलीची रेघ ओढली होती. आणि उंदीर. कर्करोगाच्या पेशी उंदराच्या पोटात सोडल्या की दहा-बारा दिवसांत पोट पाण्यानं टम्म फुगतं, आणि ते पाणी म्हणजे दुसरं काही नाही, पेशीच पेशी. ते सुईनं काढायचं, थोडं नव्या उंदराच्या पोटात सोडायचं म्हणजे वंश चालू राहतो, आणि उरलेलं प्रयोगाला. तिची आई, बायजाबाई, अडुसष्ट साली पोटात असंच पाणी होऊन गेली. नागपूरच्या दवाखान्यात वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खाटेवर डॉक्टर सुई घालून पाणी काढत, एनॅमलचं भांडं भरे, आईला दोन दिवस बरं वाटे, ती गावाकडच्या म्हशीची चौकशी करी, आणि तिसऱ्या दिवशी पोट पुन्हा तसंच. दोन्ही पाण्यांचा रंग सारखा असतो हे शामलानं मधुकररावांना कधी सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. उंदीर हातात धरला की त्याच्या फुगलेल्या पोटावर अंगठा पडायचा आणि तिच्या तोंडाला कोरड पडायची. पहिल्या वर्षी ती घाबरायची म्हणून देवाजी उंदीर धरून द्यायचा, शेपटी दोन बोटांत आणि मानेची कातडी चिमटीत, आणि सांगायचा की जोरात धरलं तं तो चावते, हळू धरलं तरी चावते, बराबर धरलं तं झोपते.

पहिल्यांदा जेव्हा झालं तो चौऱ्याहत्तरचा ऑगस्ट होता. पेशी आणि भस्माचं पाणी नळीत एकत्र ठेवायचं, एक दिवस जाऊ द्यायचा, मग थेंबभर निळा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही, मेलेली निळी होते. इतकं साधं. तिनं मोजायला सुरुवात केली आणि शंभरातल्या ब्याऐंशी निळ्या निघाल्या. तिनं चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा मोजल्या. निरोगी उंदराच्या पेशींची नळी शेजारीच होती, तीत शंभरात अकरा. तिनं देवाजीला हाक मारली, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यानं एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला, खूप वेळ बघितलं आणि म्हणाला की निळंच निळं दिसते जी. ती हसली होती, आणि लगेच खिडकीपाशी जाऊन रडली होती. मग वर्षभर तसंच होत राहिलं, बावीस वेळा. कर्करोगाची पेशी हावरी, समोर येईल ते गिळणारी. त्या बारीक कणांना गिळते, कण तिच्या पोटात विरघळतात आणि जस्त तिला विषासारखं बाधतं, निरोगी पेशी खाऊन-पिऊन सुखी म्हणून वाचते, अशी काहीतरी कल्पना शामलानं मनाशी बांधली होती. कण मात्र तिला कधी दिसले नाहीत. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाच्या ताकदीबाहेरचे ते, इतके लहान. बाटलीतून टॉर्चचा झोत सोडला की पाण्यात त्याची दुधी वाट उमटायची, तेवढीच काय ती खूण. ही वाट इतकी स्पष्ट कशी दिसते, ग्रॅमभर भस्म हलवल्यावर पाणी ताकासारखं पांढरं व्हायला हवं, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. ते आलं नाही. घोडं कुठं पेंड खातंय ते चार वर्षं तिच्या नाकासमोर होतं, आणि ती प्रबंधाची प्रस्तावना लिहीत बसली होती.

पंचाहत्तरच्या डिसेंबरात देवाजी साठ वर्षांचा झाला आणि निवृत्त झाला. त्याला एक हार, एक धोतरजोडी आणि मधुकररावांचं भाषण मिळालं. त्याच्या जागी रुपराव आला, सरळ आणि आज्ञाधारक माणूस, लिहिलेल्या शब्दाच्या बाहेर पाऊल न टाकणारा. हलवा म्हटलं की तो बाटली अशी हलवायचा की हातात काकणं असती तर फुटली असती. आणि त्याच्या हातच्या बाटलीनं पेशी एकदाही मेल्या नाहीत. शामलानं नवं भस्म आणलं, मग जुनं उरलेलं हुडकून काढलं, रंग बदलला, पाणी बदललं, उंदीर बाहेरून मागवले, मेच्या उन्हाला दोष दिला, पावसाळ्यातल्या दमटपणाला दिला, खोलीतल्या कूलरच्या वाळ्याला दिला. भैय्याजी वैद्यांशी तर ती भांडली. म्हातारा शांतपणे वाटीत पाणी घेऊन चिमूट तरंगवून दाखवत राहिला. पाचव्या-सहाव्या वेळेपासून तिला आपल्या डोळ्यांचीच शंका यायला लागली. मोजताना काठावरच्या फिकट पेशी आपण निळ्यात धरल्या का? बावीस वेळा? आईसाठी मोजल्या का आपण त्या? ही शंका सगळ्यात वाईट होती, कारण तिला उत्तर नव्हतं, आणि ती कुणाला बोलून दाखवण्यासारखीही नव्हती. ती पोरीला पाजताना यायची, बसची वाट बघताना यायची, वर्गात फळ्यावर आकृती काढता काढता यायची आणि हातातला खडू थांबायचा. अकराव्या वेळी तर तिनं डोळे बांधून घेतल्यासारखं केलं, नळ्यांवर खुणा घालायला रुपरावला सांगितलं, कोणती कुठली ते आपल्याला कळू दिलं नाही. पेशी जिवंत निघाल्या. सगळ्या. स्वच्छ, गोल, टपोऱ्या. तिला त्यांचा इतका संताप आला की तिनं काच बेसिनमध्ये आपटली, आणि रुपराव बिचारा तुकडे वेचत बसला.

साडी बदलून ती निघाली तेव्हा नवरा, चंद्रभान, पेपर वाचत बसला होता. कुठं म्हणून त्यानं विचारलं आणि तिनं सांगितलं, खापरखेड्याला, देवाजीकडे. कालच्या पत्राचं त्याला माहीत होतं. “पत्र तं टाकलं ना कालच?” तो म्हणाला, “मंग हे वरातीमागून घोडं काहून?” त्याचं काही चुकलं नव्हतं. ती पायऱ्या उतरली. एप्रिलचं ऊन साडेनऊलाच तापलं होतं. एस.टी.त तिला खिडकीची जागा मिळाली, तिचा पत्रा हात लावू देईना. शेजारी एक बाई मांडीवर वांग्यांची टोपली घेऊन डुलक्या घेत होती. देवाजीनं नाही म्हणावं की हो म्हणावं, हे शामलाला ठरवता येईना. नाही म्हणाला तर ती नुसती एका गरीब माणसावर आळ घेणारी बाई. हो म्हणाला तर तिचे डोळे खरे, तिचे आकडे खरे, आईसाठी तिनं काही फुगवून मोजलेलं नाही, सगळं परत मिळणार, आणि ते ज्याच्यामुळं मिळणार त्याचं नाव तिनं कालच गुन्हेगार म्हणून मुंबईला धाडलेलं. देवाजी तिला कोण होता, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून आपण देव सोडला, तो फक्त नावात उरला, असं तो हसून सांगायचा. विभागात चहा तोच करायचा आणि स्वतःचा पेला खिडकीत वेगळा ठेवायचा. तसं करायला त्याला कुणी सांगितलेलं तिनं ऐकलं नाही. तसं करू नको म्हणतानाही ऐकलं नाही. काटोलकडच्या कुणब्याची पोर ती, पहिल्या आठवड्यात तो पेला तिच्या डोळ्यांत खुपला होता, आणि दुसऱ्या आठवड्यात खुपायचा थांबला. आपण त्याच्या हातचा चहा पितो याचंच तिला कौतुक होतं. लेख छापून आला तेव्हा मधुकररावांनी पेढे वाटले, देवाजीला दोन दिले. लेखात अटेंडंटचं नाव घालायची पद्धत नसते. शेवटच्या आभारात भैय्याजी वैद्यांचं होतं, ग्रंथपालाचं होतं. बस कोराडीच्या पुढं आली आणि खापरखेड्याच्या वीज केंद्राची धुराडी दिसू लागली तेव्हा तिला एकदम वाटलं, उतरावं आणि उलट्या बसनं परत जावं. ती बसून राहिली.

देवाजीचा मुलगा वीज केंद्रात कामाला होता आणि कॉलनीत त्याला क्वार्टर होतं. दोरीवरचे कपडे देवाजीची सून, प्रेमिला, झटकून घेत होती. त्यांच्यावर राखेचा पातळ थर बसलेला. देवाजी व्हरांड्यात खाटेवर बसला होता. ओळखायला त्याला क्षणभर वेळ लागला, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मग तो घाईनं उठला आणि तिला खुर्ची द्या म्हणून आत ओरडला. गुडघ्यांची चौकशी झाली, पोरीची झाली. अजून उंदरांचा वंश चालू आहे का, हे त्यानं आपल्या गावच्या माणसांबद्दल विचारावं तसं विचारलं. शामलानं तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि सरळ विचारलं, “देवाजी, भस्माची बाटली तुम्ही कशी करायचे?”

“कागदावर लिवलं होतं तशीच जी,” देवाजी म्हणाला. तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलेलं उत्तर होतं ते, त्याला विचार करावा लागला नाही. तिनं म्हटलं की खरं सांगा, मी तक्रार करायला आलेली नाही. तक्रार तर आधीच करून झालेली आहे, हे तिच्या जिभेवर येऊन मागं फिरलं. देवाजीनं आत सून ऐकते का बघितलं, गुडघा चोळला. “हालवत नोयतो मी,” तो म्हणाला. मग तो सांगत गेला. सुरुवातीला भस्म उंदरालाच टोचून बघत, तेव्हा हलवलेल्या भस्मानं सुई तुंबायची, आणि एकदा पोरांच्या वर्गासमोर मधुकररावांनी त्याला त्यावरून वाटेल ते बोलून घेतलं. कॉलेजात लागण्याआधी तो नऊ वर्षं गिरणीच्या रंगखात्यात होता. तिथं गाळासकट रंग कुणी वापरलाच नाही. खलायचा, पाण्यात सोडायचा, निवळू द्यायचा आणि वरचा घ्यायचा. त्यानं भस्माचंही तसंच केलं. मॅडमच्या कागदावर हलवा लिहिलं होतं म्हणून मॅडमसमोर तो बाटली हलवायचाही, पण ती वरच्या पाण्याची बाटली. गाळच नाही त्या पाण्याला कितीही हलवा, काय होते? हे सांगताना त्याला थोडं हसू आलं, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. शामलानं विचारलं की मग तुम्ही बोलला का नाहीत. “कोणी विचारलंच नाही जी,” देवाजी म्हणाला, आणि यात तिला लागण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलेलं दिसलं नाही.

ती बोलत सुटली. एवढं ती तीन वर्षांत कुणाशी बोलली नव्हती. जे मोठे कण तळाशी बसतात ते काही कामाचे नाहीत, उलट बारीक कणांना आपल्याला चिकटवून खाली ओढून नेतात. जे इतके लहान की बुडतच नाहीत, वरच्या पाण्यात दिसत नाहीत पण असतात, तेच पेशीच्या आत शिरतात, तेच मारतात. रुपरावनं हलवून हलवून तेच घालवले. मुंबईवाल्यांनीही कागदात लिहिल्याप्रमाणे हलवलं, म्हणून त्यांच्याकडेही झालं नाही. चूक कागदात होती. आनंद झाला होता तिला, खराखुरा, पोटातून वर येणारा, तो लपवणं शक्य नव्हतं. देवाजी पुढं वाकून ऐकत होता. त्यानं तिला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. “म्हंजे ते निळं झालं होतं,” तो सावकाश म्हणाला, “ते माह्या पाण्यानं?” ती हो म्हणाली. त्यानं प्रेमिलाला चहा ठेवायला सांगितलं, निव्वळ दुधाचा.

“छापलं होतं तवा माहं नाव होतं का जी त्याच्यात?”

“नव्हतं.”

“आता लिवसान का?”

“लिहिलंय,” शामला म्हणाली. तोंडातून गेलं ते. पुढच्या महिन्यात लिहीन, नवं पत्र लिहीन, मधुकररावांशी बोलेन, अशी पन्नास उत्तरं तिला देता आली असती आणि त्यातलं प्रत्येक खोटं ठरलं असतं. काय लिवलं, त्यानं लगेच विचारलं, आणि तिनं ती दोन वाक्यं मराठीत सांगितली. भस्माचं मिश्रण देवाजी मेश्राम तयार करीत असत, त्यांनी लेखी पद्धत पाळली नाही. देवाजीनं मान हलवली. “बराबर लिवलं,” तो म्हणाला. “नाहीच पाळली. पाळली असती तं ते कायले मरते?” त्याचा चेहरा इतका उजळला होता की तिला तिकडे बघवेना. मुलगा चारला ड्यूटीवरून यायचा होता, त्याला दाखवायला एवढं कागदावर लिहून द्या, अशी त्यानं विनंती केली, आणि प्रेमिलानं एका वहीचं पान फाडून आणून दिलं. शामलानं पर्समधून पेन काढलं. तिनं पान गुडघ्यावर ठेवलं आणि शब्द लिहिले, एकेक, सुवाच्य, काना-मात्रेसह. एकही शब्द खोटा नव्हता, आणि आयुष्यात इतकं खोटं तिनं कधी लिहिलं नव्हतं. दोन शब्द वाढवावेत, ‘म्हणूनच यश आलं’ असं काहीतरी जोडावं, याचा मोह तिला झाला. पण मुंबईला गेलेल्या कागदावर ते शब्द नव्हते. तिनं कागद त्याच्या हातात दिला.

देवाजीनं चष्मा लावला. दीक्षेनंतरच्या वर्षांत, चाळिशीत, तो रात्रीच्या वर्गात वाचायला शिकला होता, आणि अजूनही ओळीखाली बोट ठेवूनच वाचायचा. आपल्या नावाशी बोट जरा रेंगाळलं. मग पुढं गेलं, शेवटच्या शब्दाशी पोचलं आणि तिथंच थांबलं. त्यानं ते वाक्य मनात पुन्हा वाचलं. ऐकायला वेगळं होतं आणि लिहिलेलं वेगळं दिसत होतं, असं त्याचं झालं असावं. तीस वर्षांत त्यानं कॉलेजातले मेमो पाहिलेले होते, त्यांची भाषा त्याच्या ओळखीची होती. त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“मॅडम, हे चांगल्यासाठी लिवलं का वाईटासाठी?”

प्रेमिला चहा घेऊन दाराशी आली होती, ती तिथंच थांबली. “वाईटासाठी,” शामला म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, काल दुपारचं, मधुकररावांचं, आपल्याला काही माहीत नसताना नाव टाकल्याचं. तिचा आवाज चिरकत होता आणि तिला त्याचाही राग येत होता, कारण रडण्याचा अधिकार इथं तिचा नव्हता. त्यानं मध्येच विचारलं की सही कोणाची. दोघांची, ती म्हणाली, पण आधी माझी. देवाजीनं सुनेच्या हातातून कप घेऊन तिच्यापुढं ठेवला, पिऊन घ्या म्हणाला. दुसरं पत्र लिहीन, ती म्हणाली. त्याच्यावर मधुकररावची सही लागन ना, त्यानं विचारलं. ते करणार नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. ती म्हणाली की मग एकटीच्या सहीनं धाडेन. हे तिनं आधी ठरवलेलं नव्हतं, बोलल्यावरच तिला कळलं, आणि त्याबरोबर आपली पीएच.डी. कुठं जाऊन बसेल हेही कळलं. देवाजीनं ते ऐकून घेतलं, विश्वास ठेवल्याची किंवा न ठेवल्याची कसलीच खूण न देता. मग त्यानं हातातला कागद पालथा केला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला.

“मागून कोरा हाय,” तो म्हणाला. “मी सांगतो, तुमी लिवा. आधी माहं नाव लिवा.”

तिनं नाव लिहिलं. सकाळची वाटी तिच्या डोळ्यांसमोर होतीच, म्हणून तिनं पुढं आपणहून लिहायला घेतलं की बाटली रात्रभर ठेवावी, वरचं पाणी घ्यावं, गाळ टाकून द्यावा. शब्द पुरे व्हायच्या आत देवाजीनं कागदावर बोट टेकलं. “गाळ टाकत नोयतो मी,” तो म्हणाला. “टाकला तं वरच्या पाण्यात उरते किती? गाळ पुन्हा खलात, पुन्हा खलाचा, पुन्हा पाणी, पुन्हा निवळू द्याचं. सात डाव. साती डावाचं वरचं एका बाटलीत.” शामलाचं पेन थांबलं. ती नुसती निवळी घेऊन घरी गेली असती, उद्या बारावा प्रयोग मांडला असता, आणि पेशी बाराव्यांदा जिवंत निघाल्या असत्या. तिनं लिहिलेलं खोडलं आणि तो सांगत गेला तसं लिहीत गेली, खल दगडी पाहिजे इथपासून बाटलीचं तोंड कशानं झाकायचं इथपर्यंत, तिच्या कुठल्याच कागदात नसलेलं सगळं. पान भरत आलं. शेवटची ओळ लिहून तिनं टोपण लावलं आणि झालं म्हणून सांगितलं.

“वाचून दाखवा,” देवाजी म्हणाला.